आवाहन (एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रम)

बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या निधीतून भारतात, मुख्यतः देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसारख्या जास्त जोखमीच्या गटांसाठी, राबवलेला एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम. प्रारंभ २००३, प्रत्यक्ष सेवा बहुतेक ठिकाणी २००४ च्या सुमारास सुरू झाल्या असाव्यात. नावाचा अर्थ बोलावणे. ‘आव्हान’ या शब्दाशी गल्लत करू नये.

कार्यक्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, तत्कालीन आंध्र प्रदेश, तमिळनाडू, मणिपूर व नागालँड या ६ राज्यांतील ८३ जिल्हे आणि राष्ट्रीय महामार्ग. मणिपूर व नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांसाठी निर्जंतुक सुयांचा पुरवठा हे मुख्य काम होते. पहिल्या टप्प्याचा निधी सुमारे २५.८ कोटी डॉलर. मुंबई-ठाण्यात ‘आस्था’, राज्याच्या इतर काही जिल्ह्यांत ‘मुक्ता’ प्रकल्प, तर ट्रकचालकांसाठी ‘खुशी’ दवाखाने होते. एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधे, या कार्यक्रमाचा भाग नव्हती. सरकारी रुग्णालयांत ती १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली.

कार्यपद्धतीचे मूळ : पहिले संचालक अशोक अलेक्झांडर मॅकिन्झी या व्यवस्थापन सल्लागार कंपनीतून आलेले. त्यामुळे नकाशे, दरमहा आकडेवारी आणि झपाट्याने विस्तार या व्यवस्थापनशैलीला काही अभ्यासक यशाचे श्रेय देतात. परंतु देहविक्रयाच्या वस्तीतल्याच बाईने पीअर (सोबतिणींना माहिती देणारी कार्यकर्ती) म्हणून घरोघर जाणे, निरोधाइतकेच पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध उभे राहणे, ही रीत त्याआधीची आहे. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून आणि सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने त्याच सुमारास ती रुजवली होती. कार्यक्रमाचा गाभा तिथला मानणे अधिक सयुक्तिक. ज्या स्त्रियांनी तो उभा केला त्यांचे ऋण अहवालांतून फार थोडे नोंदले गेले.

परिणामाचा वाद : संसर्ग किती टळले, यावर एकमत नाही. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणाने, गरोदर स्त्रियांच्या तपासणीतील संसर्गाचे प्रमाण आणि जिल्हावार खर्च यांची सांगड घालून, २००८ पर्यंत सुमारे १ लाख संसर्ग टळल्याचा अंदाज दिला. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्रात संबंध ठळक दिसला. मात्र अंदाजाभोवतीची अनिश्चितता मोठी होती. २०१३ च्या अभ्यासाने दक्षिणेकडील ६९ जिल्ह्यांसाठी गणिती प्रारूप वापरून पहिल्या ४ वर्षांत सुमारे २ लाख, तर १० वर्षांत सुमारे ६ लाख असा आकडा काढला. दोन्ही आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत : एकात सर्वसाधारण लोकसंख्येतील कल, दुसऱ्यात निरोधाच्या वाढत्या वापरावरून केलेली गणना. शिवाय त्याच काळात शासनाचे व इतर देणगीदारांचे कामही चालू होते. कार्यक्रम नसता तर काय झाले असते, हे शेवटी अनुमानानेच ठरते. १ लाखाचा अंदाजही सावधपणेच घ्यावा.

हस्तांतरण : शासनाच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाकडे प्रकल्प टप्प्याटप्प्याने गेले; २००९ मध्ये सुमारे १० टक्के, २०११ मध्ये २० टक्के, उरलेले त्यानंतर. मणिपूर व नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांसाठी निर्जंतुक सुयांचा पुरवठा हे मुख्य काम होते.