मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या अभ्यासिकेत सकाळी वायफाय झकास चालतं आणि दुपारी पोरं वाढली की नव्याला जोडणीच मिळत नाही. सिग्नल फुल, नेट गुल! मालक राऊटर बंद-चालू करतो, थोडा वेळ बरं जातं, परत तेच. केबलवाल्याला शिव्या घालण्याआधी राऊटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि त्यातले मॅक अ‍ॅड्रेस वाचा.

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता. तो दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहितात आणि त्यात ० ते ९ व ए ते एफ एवढंच चालतं. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था कंपनीला देते. बी८:२७:ईबी दिसलं की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, हे जाणकार पाहताक्षणी सांगतात.

आपल्या कामाचं असतं ते दुसरं अक्षर. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता कारखान्यातला नाही, उपकरणाने स्वतः बनवलेला किंवा कुणी हाताने टाकलेला आहे. पाळत टाळण्यासाठी अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा पत्ता काढतात. वरच्या मजल्यावर एक नाव, खाली दुसरं, राऊटर मात्र एकच, असं असेल तर एकाच फोनचे दोन पत्ते होतात आणि राऊटर दोघांना वेगवेगळा आयपी, म्हणजे ठरावीक मुदतीचा नेटवर्कमधला क्रमांक, देऊन बसतो. साध्या नेटवर्कमध्ये आयपी फार तर २५४. त्यांची मुदत चोवीस तासांची असेल, तर सकाळी येऊन गेलेल्या पोरांचे आयपी संध्याकाळीही अडकलेलेच. दोन्ही मजल्यांना एकच नाव द्या आणि मुदत दोन तासांवर आणा. मॅक लिहून ठेवून 'फक्त आपलीच पोरं' आत सोडायचा खटाटोप तर आता सोडूनच द्यावा.

दुसरं अक्षर विषम असेल (१, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ) तर तो पत्ता एका उपकरणाचा असूच शकत नाही. तो समूहाला संदेश पाठवण्यासाठी राखीव असतो. हौसेने मॅक बदलून ११:२२:३३:४४:५५:६६ टाकणारे नेमके इथे फसतात. १२:३४:५६:७८:९ए:बीसी नियमात बसतं, पण शेजारच्या हौशीनेही तेच टाकलं तर?

एकाच नेटवर्कवर दोन उपकरणांचा मॅक सारखा आला, की स्विच (वायरने जोडलेल्या उपकरणांत डेटा वाटणारी पेटी) गोंधळतो. शेवटचा डेटा ज्या पोर्टातून (वायरच्या खाचेतून) आला तिथेच हा पत्ता आहे, असं तो धरून चालतो. त्यामुळे सीसीटीव्हीचं चित्र आलं की हजेरीचं मशीन बंद, मशीन चाललं की चित्र गायब. त्याच नेटवर्कवरच्या संगणकात कोणत्या आयपीचा मॅक कोणता हे दाखवणारी 'एआरपी' कमांड चालवा; दोन आयपींपुढे एकच मॅक दिसला तर संशय घ्या. मध्ये वायफाय रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं उपकरण) असेल तर मात्र असं दिसणं साहजिक आहे. खात्रीसाठी एका उपकरणाची वायर काढून दुसरं सुरळीत चालतं का बघा.

मोठ्या कंपन्यांच्या एमपीएलएस जाळ्यांत, म्हणजे डेटावर लेबल लावून तो पुढे पाठवणाऱ्या नेटवर्कांत, तर पहिलं अक्षरही छळतं. आयपीच्या पाकिटाची (डेटाच्या तुकड्याची) सुरुवात ४ किंवा ६ ने होते, म्हणून काही राऊटर तेवढं पाहून आत आयपी आहे असा अंदाज बांधतात. आत इथरनेटची फ्रेम (मॅक पत्त्याने सुरू होणारं पाकीट) असेल आणि जिला पोचायचं तो मॅक ४ किंवा ६ ने सुरू होत असेल, तर अंदाज चुकतो. एकाच संभाषणाची पाकिटं वेगवेगळ्या वाटांनी जाऊन उलटसुलट क्रमाने पोचतात. फ्रेमच्या आधी 'कंट्रोल वर्ड' नावाचे चार बाइट जोडले की हा घोळ मिटतो. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी २०१८ च्या आरएफसी ८४६९ ची शिफारस तीच आहे.