सार्वजनिक वायफाय आणि फोनचा माग : पार्श्वभूमी

कुठल्याही वायफायला न जोडताही फोनचा माग काढता येतो, हे चारचौघांच्या कानावर आलं २०१३ मध्ये. लंडनच्या आर्थिक केंद्रातल्या काही स्क्रीनवाल्या कचराकुंड्या जवळून जाणाऱ्या फोनचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक फोनच्या वायफाय यंत्रणेचे ओळख क्रमांक, टिपत होत्या. ओरड झाली, प्रयोग गुंडाळला गेला. त्या काळी नेटवर्क शोधताना फोन कारखान्यातून आलेला मूळ पत्ताच हवेत सोडत असे, आणि बरेचदा पूर्वी जोडलेल्या नेटवर्कांची नावंही.

माग काढणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे : आम्ही पत्ता ठेवत नाही, त्याचा हॅश (ठरावीक गणिती सूत्राने काढलेला, उलटा न फिरवता येणारा सांकेतिक आकडा) ठेवतो, म्हणजे माहिती निनावी. मेख इथेच आहे. मॅक पत्त्याच्या ४८ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १) पहिले २४ सहसा उत्पादकाचे, आणि त्यांची यादी खुली. उरलेल्या २४ बिटांत १,६७,७७,२१६ शक्यता. एका उत्पादक-कोडाचे सगळे हॅश साधा संगणकही काही सेकंदांत काढतो. मग नुसतं जुळवून पाहायचं. हॅश काढण्याआधी पत्त्यात गुप्त सॉल्ट, म्हणजे जादा आकडा, मिसळला तर आधी काढून ठेवलेले हे हॅश कुचकामी ठरतात खरे, पण सॉल्ट बदलला नाही तर त्या फोनचा हॅशही बदलत नाही, आणि माग चालूच राहतो.

पॅरिसलगतच्या ला देफान्समध्ये जाहिरातफलकांवरून पादचारी मोजण्याचा प्रस्ताव होता. पत्त्याचा शेवटचा अर्धा बाइट छाटायचा, सॉल्ट घालायचा, हॅश करायचा. अर्धा बाइट म्हणजे ४ बिट. एका हॅशमागे जेमतेम १६ पत्ते. २०१५ मध्ये फ्रान्सच्या माहिती-गोपनीयता नियामकाने परवानगी नाकारली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती नाकारणी उचलून धरली. तोच फोन पुन्हा आला का, हेच मोजायचं असेल तर माहिती निनावी कशी, असा एकूण रोख. धंद्यातल्यांना निकाल जाचक वाटला. वरचं गणित पाहता तो वाजवीच होता.

तोवर फोन बदलू लागले होते. आयओएस ८ ने २०१४ मध्ये शोधापुरता खोटा पत्ता आणला. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून जोडणीतही प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता देणं हा आपोआप चालू असणारा पर्याय झाला. पत्ता ०-९ आणि ए-एफ अशा सोळा चिन्हांत लिहितात; त्यातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने स्वतः बनवलेला समजावा. पण नुसता पत्ता बदलून भागत नाही : २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की पत्ता बदलला तरी काही फोनच्या फ्रेमचे (हवेत पाठवलेल्या वायफाय संदेशांचे) अनुक्रमांक पुढे तसेच चालू राहतात, आणि त्यावरून फोन ओळखता येतो.

आताची कटकट सार्वजनिक वायफायला जोडताना उघडणाऱ्या लॉगिन पानांची. ती फोन मॅक पत्त्यावरून ओळखतात. पत्ता बदलला की पुन्हा ओटीपी. मग मदतकक्षातून सल्ला मिळतो, 'खासगी पत्ता (फोनने बनवलेला पत्ता) बंद करा.' तो त्या नेटवर्कपुरता बंद केला तरी तिथे मूळ पत्ता जातो आणि ओटीपीमुळे लगेच मोबाइल नंबराशी जोडला जातो. चार ठिकाणी हेच केलं, तर चारही नोंदींत तोच पत्ता.