हेल्पमधून शेअर्ड फोल्डरकडे: एका क्लिकमागे काय काय घडतं

संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या हेल्पमध्ये ‘नमुना फायलींसाठी इथे क्लिक करा’ असं वाक्य हमखास सापडतं. त्या ‘इथे’मागे बहुतेक वेळा \\सर्व्हर\शेअर\नमुने अशा धाटणीचा नेटवर्कवरचा पत्ता असतो. सोय चांगली आहे: फायली एकाच जागी राहतात आणि दर संगणकावर प्रती टाकत बसावं लागत नाही. पण ही लिंक वेबपानाच्या लिंकसारखी दिसली, तरी ती उघडताना विंडोज अगदी वेगळं वागतं.

अनोळखी वेबसाइट उघडताना ब्राउझर तुमची लॉगिनची ओळख आपणहून पुढे करत नाही. शेअर्ड फोल्डरच्या बाबतीत मात्र विंडोज एसएमबी या फायली शेअर करण्याच्या प्रोटोकॉलने, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हरशी बोलायला लागतं आणि लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने परस्पर ओळख पटवायला जातं. शक्य असेल तिथे त्यासाठी केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत वापरली जाते, नाहीतर जुनी एनटीएलएम. एनटीएलएममध्ये सर्व्हर ८ बाइटांचं एक आव्हान पाठवतो आणि संगणक पासवर्डच्या हॅशवरून (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या ठशावरून) त्याचं उत्तर काढून देतो. पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही हे खरं. पण आव्हान आणि उत्तर दोन्ही ज्याच्या हाती लागलं, तो आपल्या मशीनवर निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. सर्व्हरला विचारायचंच नसल्यामुळे चुकीच्या प्रयत्नांनी खातं लॉक होण्याचीही भीती नाही. किंवा तो हे उत्तर तसंच तिसऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलून तुमच्या नावाने आत शिरतो. याला रिले म्हणतात आणि एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं केलेल्या सर्व्हरवर तो चालत नाही. मार्च २०२३ मध्ये आउटलुकमधली जी गंभीर त्रुटी दुरुस्त झाली, तिचं मूळ हेच होतं: रिमाइंडरच्या आवाजाची फाइल म्हणून असा पत्ता दिला की क्लिकविनाच उत्तर बाहेर जायचं.

यातून लिंक लिहिणाऱ्याने दोन गोष्टी घ्यायच्या. पत्त्यात सर्व्हरचा आयपी क्रमांक कधी देऊ नये. आयपी दिला की विंडोज सहसा केर्बेरॉसच्या वाटेला जात नाही, थेट एनटीएलएमवर उतरतं. दुसरी गोष्ट बंद झालेल्या सर्व्हरची, आणि ती जास्त वाईट. सर्व्हर निवृत्त झाला, डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतून) नाव गेलं, हेल्पमध्ये मात्र ते तसंच राहिलं. नाव डीएनएसमध्ये सापडेना की विंडोज एलएलएमएनआर किंवा नेटबायोस या नाव शोधण्याच्या प्रोटोकॉलने आसपासच्या सगळ्या संगणकांना विचारतं, ‘हा कोण?’ त्याच नेटवर्कवर घुसलेला कोणीही ‘मीच’ म्हणू शकतो. मग मेलेली लिंक ही नुसती गैरसोय राहत नाही. संस्थेत हे दोन्ही प्रोटोकॉल बंद करावेत, आणि ४४५ पोर्टवरून इंटरनेटकडे जाणारी वाहतूक फायरवॉलवर अडवावी.

उलट बाजूचा त्रास म्हणजे सीएचएम फाइलच, म्हणजे हेल्पची सगळी पानं एकत्र बांधलेली विंडोजची फाइलच, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवणं. डावीकडे अनुक्रमणिका व्यवस्थित दिसते, उजवीकडे पान कोरं किंवा ‘पान दाखवता येत नाही’ असा निरोप. फाइल बिघडलेली नसते. सीएचएममधल्या पानांत स्क्रिप्ट चालू शकते, म्हणून जून २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरच्या सीएचएममधली पानं दाखवणं विंडोजने बंद केलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एचटीएमएल हेल्पच्या शाखेखाली ‘मॅक्सअलाउडझोन’चं मूल्य १ केलं की इंट्रानेटवरची हेल्प उघडते, पण मग इंट्रानेटवरची कोणाचीही सीएचएम उघडते. ३ केलं तर इंटरनेटवरचीही, आणि हा सल्ला सर्रास दिला जातो! सर्व्हरच्या नावात टिंब असेल तर विंडोज त्याला इंट्रानेटऐवजी इंटरनेट झोनमध्ये (विश्वासाच्या गटात) टाकतं, त्यामुळे १ करूनही पान कोरंच राहिलं की लोक वैतागून ३ करतात. फाइल इन्स्टॉलरबरोबर प्रत्येक संगणकावर उतरवणं हाच सरळ मार्ग.

हेल्प वेबपानांची असेल तर ‘फाइल’ने सुरू होणाऱ्या लिंकवर क्लिक करून बहुतेक ब्राउझरांत काहीच होत नाही. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, ती सैल करण्याची एक्स्टेंशनं टाकू नयेत. पत्ता साध्या मजकुरात लिहून वाचकाला तो कॉपी करू द्यावा, नाहीतर तीच फाइल वेबसर्व्हरवरून एचटीटीपीएसने द्यावी.

आता खुद्द फोल्डर. हेल्पने दाखवलेल्या जागेवर वाचक शंका न घेता विश्वास ठेवतो, त्यामुळे तिथे कोणाला लिहिता येतं हा खरा प्रश्न. शेअर परवानगी आणि एनटीएफएस परवानगी (डिस्कवरच्या फायलींवर लावलेली) यांतली जी कडक ती नेटवर्कवरून लागू होते. तेव्हा दोन्हीकडे सर्वांना फक्त वाचण्याची मुभा आणि लिहिण्याची दोन-तीन जणांच्या गटाला. सर्वांना लिहिता येत असेल, तर पीडीएफचं चिन्ह लावलेली प्रोग्राम फाइल टाकणं सोपं आहे, कारण फाइलच्या नावातला शेवटचा, प्रकार सांगणारा भाग (एक्स्टेंशन) विंडोज लपवतं. त्याहून बेमालूम प्रकार एससीएफ या एक्सप्लोररला आज्ञा देणाऱ्या छोट्या फाइलचा: तिच्यात आयकनचा पत्ता बाहेरच्या सर्व्हरचा दिला की नुसता फोल्डर उघडूनही एनटीएलएमचं उत्तर निघून जाऊ शकतं. एक्सप्लोररमध्ये चिन्हं आपोआप काढली जातात, त्याचा हा परिणाम.

क्लाउडवरच्या फोल्डरला एनटीएलएमची भानगड नाही, पण ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही निवड केली की लिंक हीच किल्ली होते. हेल्प बाहेर गेली की किल्लीही गेली. प्रवेश नावानिशी द्यावा आणि संपादनाचा हक्क काढावा.

जुन्या सीएचएमचा मूळ प्रकल्प हरवलेला असला तरी तपासणी करता येते. विंडोजमधल्या एचएच प्रोग्रामला डीकंपाइलचा पर्याय दिला की आतली पानं सुटी होऊन एका फोल्डरमध्ये येतात. त्यांत ‘\\’ आणि ‘फाइल:’ शोधा, सापडलेल्या सर्व्हरांची यादी करा आणि डीएनएसमध्ये नसलेली नावं सर्वांत आधी काढून टाका.