कर्सरखालचा आकडा : एफईएमधल्या प्रोबची पार्श्वभूमी

एफईए म्हणजे फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस : यंत्राच्या भागाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे आणि त्यांतला स्ट्रेस (ताण) संगणकावर काढायचा. तुकडे जुळतात ते बिंदू म्हणजे नोड, आणि सगळं जाळं म्हणजे मेश. आता एकाच रिझल्ट फाइलमधल्या एकाच नोडवर दोन जण क्लिक करतात. एकाला स्ट्रेस २०२ मेगापास्कल दिसतो, दुसऱ्याला १९४. परवानगी आहे २०० पर्यंत. फाइल तीच, मेश तीच, लोड तोच, आणि चूक दोघांचीही नाही. फरक आहे तो प्रोबच्या, म्हणजे क्लिक केलेल्या जागेचा आकडा दाखवणाऱ्या साधनाच्या, सेटिंगमध्ये. ती सेटिंग अनेकांनी कधी उघडूनही पाहिलेली नसते, कारण क्लिक केलं की आकडा येतो आणि आलेला आकडा मोजमापासारखा वाटतो. तो मोजमाप नाही. असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९५६ मधला विमानाच्या सांगाड्यावरचा निबंध, १९६० मध्ये दिलं गेलेलं ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव, पंचकार्डं, ही या पद्धतीची सुरुवात. आपल्या विषयापुरतं त्यातलं एवढंच घ्यायचं की त्या काळी निकाल कागदावर येत. लाइन प्रिंटरवरचे १३२ रकान्यांचे गठ्ठे समोर घ्यायचे आणि बोट फिरवत नोड नंबर शोधायचा. काम कष्टाचं होतं, पण त्या कागदात एक प्रामाणिकपणा होता. विस्थापनांचा तक्ता नोडनुसार आणि स्ट्रेसचा तक्ता एलिमेंटनुसार, असे दोन तक्ते वेगळे छापलेले असत. स्ट्रेस कुठल्या एलिमेंटमधला आहे, हे त्याच ओळीत लिहिलेलं असे. आकडा आणि त्याचा पत्ता सोबतच यायचे.

१९७२ च्या सुमारास स्वस्तातले स्टोरेज ट्यूब टर्मिनल आले. हिरवट पडदा, आडवे १०२४ आणि उभे ७८० बिंदू. एकदा काढलेली रेघ एकटी पुसता येत नसे. पुसायचं तर लख्ख उजेड होऊन सगळा पडदा कोरा व्हायचा. बाजूच्या दोन चाकांनी आडवी-उभी रेघ सरकवून कळ दाबली की प्रोग्रॅमला त्या जागेचे निर्देशांक मिळत, आणि प्रोग्रॅम जवळचा नोड शोधून त्याचा नंबर सांगे. आजच्या प्रोबचं मूळ तिथे आहे. पण तेव्हाही स्ट्रेस वाचायला बहुतेक वेळा पुन्हा कागदच उघडावा लागे.

खरा बदल रंगांनी घडवला. रॅस्टर पडदे (ठिपक्याठिपक्याने चित्र रंगवणारे) आणि ग्राफिक्स वर्कस्टेशन आले, भरलेले रंगीत कंटूर, म्हणजे मूल्यानुसार रंगांचे पट्टे, काढता येऊ लागले. त्रिकोणाच्या तीन टोकांवर रंग द्यायचा आणि मधला भाग हार्डवेअरने मिसळून भरायचा, ही १९७१ मधली शेडिंगची पद्धत त्यासाठी आयतीच हाताशी होती. मात्र तिला प्रत्येक टोकावर एकच मूल्य लागतं. स्ट्रेस तर एलिमेंटगणिक वेगळा असतो, म्हणजे चार एलिमेंट जिथे भेटतात त्या नोडवर चार मूल्यं. सरासरी पूर्वीही काढत असत, पण आता ती चित्राची गरज झाली. सरासरी न काढता चित्र काढलं तर एलिमेंटच्या कडांवर रंग तुटलेले दिसत, आणि तुटलेलं चित्र ग्राहकाला दाखवायला कुणी तयार नसे.

त्या काळातला एक दोष आज विस्मरणात गेला आहे. हार्डवेअर लाल, हिरवा, निळा हे घटक मिसळत असे, स्ट्रेसची मूल्यं नव्हे. एक टोक निळं आणि दुसरं लाल असलं की मध्ये जांभळा उमटायचा. कुठला रंग म्हणजे किती स्ट्रेस हे सांगणाऱ्या पट्टीवर जांभळा नावालाही नसायचा. तिथे निळ्या-लालाच्या मध्ये हिरवा आणि पिवळा असे. त्यामुळे त्या जागी प्रोब केलं तर आकडा एक सांगे आणि रंग भलतंच. मूल्यच टेक्स्चरचा, म्हणजे रंगांच्या तयार पट्टीचा, निर्देशांक म्हणून पाठवायचं आणि रंग पिक्सेलपाशी ठरवायचा, ही युक्ती रुळल्यावर रंग आणि आकडा एकमेकांशी जुळले. १९९२ मधल्या ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीत कर्सरखाली कुठली वस्तू आहे हे विचारण्याची सोय मुळातच होती. तिथून पुढे क्लिक करून आकडा पाहणं ही रोजची सवय झाली.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. क्लिक केल्यावर नेमका कुठला आकडा दाखवायचा?

सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, स्ट्रेस काढतो तो गॉस पॉइंटवर, म्हणजे एलिमेंटच्या आतल्या ठरावीक बिंदूंवर. दोन बाय दोन योजनेत (एका एलिमेंटमध्ये चार बिंदू) हे बिंदू एलिमेंटच्या मध्यापासून अर्ध्या रुंदीच्या ०.५७७ पट अंतरावर, म्हणजे कडेच्या आत असतात. तिथला स्ट्रेस अधिक विश्वासार्ह असतो, हे १९७० च्या दशकात दाखवून झालं. पण भेग पडते ती कडेवर, त्यामुळे सगळ्यांना कडेचाच आकडा हवा असतो. तो मिळवण्यासाठी आतली मूल्यं रेषेत बाहेर ताणायची, म्हणजे एक्स्ट्रापोलेट करायची, ही पद्धत १९७४ पासून वापरात आहे.

सुरुवातीचेच आकडे घेऊ. कडेजवळच्या दोन गॉस पॉइंटवर १८०, पलीकडच्या दोनवर १२०. मध्य १५०, निम्मा फरक ३०. कड गाठायला त्या ३० ला १.७३२ ने गुणायचं, की ५२ येतात. म्हणजे कडेवर २०२. शेजारचा एलिमेंट त्याच नोडवर १८६ सांगतो. सरासरी १९४. आता एकाच ठिकाणासाठी तीन आकडे झाले : सॉल्व्हरने खरोखर काढलेला १८०, एका एलिमेंटपुरता ताणलेला २०२ आणि दोघांची समजूत घालून आलेला १९४. तिन्ही प्रोबच्या चौकटीत सारख्याच टाइपात, सारख्याच दशांश स्थळांनी छापले जातात.

शब्दांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. एका सॉफ्टवेअरमध्ये ‘नोडल स्ट्रेस’ म्हणजे सरासरी काढलेला, दुसऱ्यात नोडवर ताणलेला पण सरासरी न काढलेला. ‘एलिमेंट स्ट्रेस’ हा कुठे मध्यबिंदूवरचा, कुठे टोकांवरचा. कामाच्या बोलण्यात तर ‘नोडवरचा स्ट्रेस’ एवढंच म्हटलं जातं, आणि ऐकणारा आपल्या सवयीचा अर्थ लावतो. माझ्या मते या क्षेत्रातले बरेच वाद गणिताचे नसून या एका शब्दाचे आहेत.

व्हॉन मिसेस स्ट्रेस, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा, आला की गाठ आणखी घट्ट होते. आधी दिशांनुसारच्या घटकांची सरासरी काढून मग व्हॉन मिसेस काढायचा, की आधी व्हॉन मिसेस काढून मग सरासरी? एका एलिमेंटमध्ये फक्त आडव्या दिशेने १०० आहे, शेजाऱ्यात फक्त उभ्या दिशेने १००. प्रत्येकाचा व्हॉन मिसेस १००, सरासरीही १००. क्रम उलटवा : घटकांची सरासरी आडवा ५०, उभा ५०, आणि त्यातून व्हॉन मिसेस येतो फक्त ५०. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे, पण काटकोनात जोडलेल्या पट्ट्यांपाशी, जाड मेश असेल तर, अशी परिस्थिती खरोखर येते. व्हॉन मिसेसलाच थेट ताणलं तर वेगळीच अडचण होते. आतल्या बिंदूंवर ९० आणि १० असतील तर दूरच्या कडेवर उत्तर येतं उणे १९. हे मूल्य व्याख्येनेच ऋण असू शकत नाही.

मटेरियल बदलतं त्या सीमेवर तर सरासरीला काहीच अर्थ उरत नाही. स्टीलचा मॉड्युलस (ताठरपणाचं माप) साधारण २१०, ॲल्युमिनियमचा ७० गिगापास्कल. दोन्ही घट्ट चिकटून सारखेच ताणले गेले, तर सीमेला समांतर दिशेने स्टीलमधला स्ट्रेस तिप्पट असणारच. ती उडी खरी आहे. तिची सरासरी काढली की जो आकडा येतो तो ना स्टीलचा, ना ॲल्युमिनियमचा. म्हणून मटेरियलच्या सीमेपलीकडे सरासरी न काढण्याचा पर्याय आला. तो आपोआप लागू असतो की हाताने निवडावा लागतो, हे सॉफ्टवेअरगणिक बदलतं. काहींनी उंबरठा ठेवला. एका बहुप्रचलित सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात ७५ टक्के असतो : नोडवरच्या मूल्यांतला फरक त्या भागातल्या एकूण पल्ल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सरासरी. उंबरठा फार सैल आहे, असंच मला वाटतं. एखाद्या कोपऱ्यात प्रचंड स्ट्रेस असला की एकूण पल्ला फुगतो, आणि बाकी सगळीकडच्या उड्या गुपचूप सरासरीत विरून जातात.

सरासरीच्या बाजूनेही वजनदार म्हणणं आहे. मेश बऱ्यापैकी एकसारखी असेल तर गुळगुळीत केलेला स्ट्रेस कच्च्या स्ट्रेसपेक्षा सत्याच्या जवळ असतो. १९८७ मध्ये याच आधारावर चूक किती आहे याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली गेली, आणि १९९२ मध्ये आसपासच्या एलिमेंटमधल्या चांगल्या बिंदूंवरून नोडचा स्ट्रेस बसवण्याची अधिक अचूक पद्धत आली. पण त्या १९८७ च्या रीतीचा गाभा काय होता? कच्चा आणि गुळगुळीत यांतला फरक हाच चूक किती याचा अंदाज. म्हणजे २०२ आणि १८६ यांतलं अंतर मेश अजून बारीक हवी का हे सांगत असतं. प्रोबच्या चौकटीत फक्त १९४ आला की नेमकी ती सूचना गळून जाते.

पुढे प्रोब नोडपुरता राहिला नाही. पृष्ठभागावर कुठेही क्लिक करा, सॉफ्टवेअर तिथून किरण सोडून एलिमेंट शोधतो, न्यूटनच्या पुनरावृत्तीने (पायरीपायरीने उत्तराजवळ जात) त्या एलिमेंटमधली जागा ठरवतो आणि शेप फंक्शनने, म्हणजे नोडच्या मूल्यांवरून मधलं मूल्य काढणाऱ्या सूत्राने, मूल्य काढतो. सोय मोठी आहे. पण शेल एलिमेंटवर (पातळ पत्र्यासाठीच्या) क्लिक केलं तर वरचा थर, खालचा की मधला? वाकणाऱ्या पत्र्यात वर अधिक १५०, खाली उणे १५० आणि मध्ये शून्य असू शकतं. लोडमुळे झालेला आकाराचा बदल शंभरपट वाढवून दाखवलेला असेल, तर चौकटीतले निर्देशांक मूळ भागाचे की फुगवलेल्या चित्राचे, हेही तपासावं लागतं. आतल्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यावर तर सैद्धांतिक स्ट्रेस अनंत असतो. मेश जितकी बारीक कराल तितका प्रोबचा आकडा चढत जातो, आणि तिथला कुठलाही आकडा अहवालात घालण्यालायक नसतो.

अलीकडे निकाल ब्राउझरमध्ये पाहण्याकडे ओढा आहे. मूळ फाइल कित्येक गिगाबाइटची, म्हणून हलकी प्रत पाठवतात. तिच्यात बहुतेक वेळा फक्त बाहेरचा पृष्ठभाग आणि प्रत्येक टोकाला एकच, आधीच सरासरी काढलेलं मूल्य असतं. कर्सर फिरवला की आकडे झरझर बदलतात, तीन-चार दशांशांपर्यंत. पण अशा प्रतीत १८० नसतो आणि २०२ ही नसतो. फाइल बनवतानाच ते गाळलेले असतात, आणि ते पाहायचे तर मूळ फाइल असलेल्या संगणकापाशीच जावं लागतं.