सुकडी ते उंचीची पट्टी : मराठवाड्यातल्या मुलांच्या पोषणाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात मुलांच्या खाण्याचा प्रश्न सरकारदरबारी आला तो दुष्काळाच्या वाटेने. १९७२ला मोठी माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि पोरांच्या हातावर सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा पूरक खाऊ, पडत होती. सुकडी आणि तांबडी मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) ही नावं साठी ओलांडलेल्या कुणाहीपुढे काढा, गोष्टी सुरू होतात. तेव्हा हिशोब एकच होता, पोटात काही गेलं की नाही. मूल वाढतंय का, हे विचारायची सवड कुणालाच नव्हती.

मोजमाप आलं ते अंगणवाडीबरोबर. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशभरात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली; इथल्या वाड्यातांड्यांपर्यंत पोचायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. वजनकाटा, वाढीचा तक्ता, श्रेणी असं सगळं आलं. पण तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या, श्रेणीतलं मूल कागदावर दाखवलं की वरून जाब विचारला जाणार, मग ते दाखवायचं कुणी?

शाळेची गोष्ट वेगळी. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची मध्यान्ह भोजन योजना आली, ती इथे आधी कोरड्या तांदळाच्या रूपाने. हजेरी भरली की महिन्याला ३ किलो. भाकरीच्या मुलखात तांदूळ! शिवाय पिशवी घरात आली की ती सगळ्या घराची. शाळकरी पोरापुरता भात वेगळा कोण लावतं? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, आणि मग शाळेत खिचडी शिजू लागली.

खरं वळण २००५चं. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत होतं. सुरुवात आदिवासी जिल्ह्यांपासून झाली, तरी राज्यस्तरावरचं असं मिशन देशात पहिलंच. त्याने लक्ष वळवलं ते गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळाकडे. पुढे मुलांच्या वाढीची जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मानकं अंगणवाडीत आली. वजन आजारपणात उतरतं, पुन्हा भरतं; पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची मात्र सहसा पुरती भरून येत नाही. राज्यात पाच वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ला ४६ टक्के होतं, २०१५-१६ला ३४वर आलं आणि २०१९-२१ला ३५वर अडकलं.

किशोरी मुलींकडे तर आणखी उशिरा पाहिलं गेलं. किशोरींच्या पोषणासाठीच्या केंद्राच्या २०१०च्या सबला योजनेत बीड आणि नांदेड होते. शाळांतून आठवड्याला लोहाची गोळी त्यानंतर आली. बारावी व्हायच्या आत लग्न झालेल्या मुलीला ती कितपत मिळाली असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

आणि ऊसतोड. बीडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या, निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गरोदर बाई, अंगावर पिणारं मूल आणि शाळा सुटलेली मोठी बहीण, तिघीही फडावर. गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या त्या महत्त्वाच्या हजार दिवसांतले दोन-दोन हंगाम असे फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातात, अन् गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्या महिन्यांपुढे फक्त ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो.