हितसंघर्ष आणि कल (वैद्यकीय संशोधनातले)

औषध, लस किंवा उपचार तपासणाऱ्या माणसाचं लक्ष पेशंटचं भलं आणि खरा निष्कर्ष यावरून ढळू शकेल अशी परिस्थिती म्हणजे हितसंघर्ष. कंपनीचा पैसा, शेअर, प्रमोशन, काहीही. माणूस लबाडच असला पाहिजे असं नाही, हे आधी समजून घ्यावं, कारण गावात हा शब्द काढला की लोकांना आरोपच वाटतो. नीतिशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक डेनिस थॉम्पसन यांची 1993 ची व्याख्या बरेच जण धरतात, तीही परिस्थितीबद्दलच आहे, आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये त्यात (निर्णय ढळण्याचा) 'धोका' हा शब्द आणला. वाद आहे तो पैशाशिवायच्या हितांचा. स्वतःच्या सिद्धांतावरचं प्रेम, संस्थेचं नाव, हे यात धरायचं का? लिसा बेरो आणि क्विन ग्रंडी या संशोधकांनी 2016 मध्ये धरू नये असं मांडलं, नाहीतर सगळ्यांचंच काहीतरी निघतं आणि पैशाचा मुद्दा पातळ होतो. हे जास्त पटतं.

पण आपलंच काम आपण मोजताना काळजी लागतेच. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेने घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला आणि तो स्वतःच मोजला, तो 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात 39 गावांत काम आणि 47 गावं तुलनेला होती. तुलनेची गावं नसती तर बाळं कामामुळे वाचली की साल चांगलं गेलं म्हणून, हे कळलंच नसतं.

पैशामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकतो, तो कल (इंग्रजीत बायस) मोजलेला आहे. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या 2017 च्या आढाव्यात कंपनीने पैसा दिलेल्या अभ्यासांत कंपनीला अनुकूल निष्कर्ष 1.34 पट जास्त वेळा निघाले, आणि नेहमीच्या गुणवत्तेच्या कसोट्यांनी या फरकाचं कारण सापडलं नाही.

यवतमाळात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या 'औषधा'ची (आपल्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात) नोंदणी 1968 च्या कायद्याखाली होते आणि ते किती विषारी आहे याची माहिती अर्ज करणारी कंपनीच देते, म्हणजे विकणाराच तपासणीचे कागद जोडतो.

भारतात औषध-उपचारांच्या माणसांवरच्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर होते, 2007 पासून, आणि 15 जून 2009 पासून ती सक्तीची आहे. पैसा कोणाचा हे तिथे मोबाईलवर फुकट दिसतं, फक्त इंग्रजीत.