जुनी छोटी गाडी घेताय? आधी चॅसी नंबर, मग इसार : रिकॉल तपासण्यापासून आरसी नावावर होईपर्यंत

गेल्या गळीत हंगामात माझ्या भाच्यानं सेकंडहँड हॅचबॅक घेतली. पेट्रोल गाडी, वापर बेताचा, रंग अजून चकचकीत. दीड महिन्यात सोलापूरजवळ मोहोळच्या अलीकडे हायवेवर ती चालता चालता बंद पडली. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. गाडी कशीबशी कडेला लागली, म्हणून निभावलं. पुढचे तीन आठवडे गॅरेजच्या चकरा झाल्या. प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीही नवी टाकली, पण दुखणं तसंच. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबर टाकल्यावर कळलं की फ्युएल पंपासाठी ही गाडी रिकॉलमध्ये होती, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनं परत बोलावली होती. कळवणी पहिल्या मालकाच्या पत्त्यावर पुण्याला गेली होती. त्यानं पंप न बदलताच गाडी विकली आणि पुढच्या कुणाला हे ठाऊकच नव्हतं. पंप फुकट बदलून मिळाला. गॅरेजमध्ये गेलेले पैसे मात्र गेलेच.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. रिकॉल आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) या दोन गोष्टींचा आपण एकत्र विचार करत नाही. पण कंपनी ज्याचं नाव-पत्ता तिच्याकडे आहे त्यालाच कळवणार. गाडी आपल्या नावावर नसेल तर धोक्याची सूचना दुसऱ्याच्याच दारात जाऊन पडते.

रिकॉल म्हणजे नेमकं काय

गाडी बनवताना एखाद्या भागात दोष राहिला आणि त्यातून जिवाला धोका होऊ शकतो असं लक्षात आलं, की कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावते आणि तो भाग तपासून किंवा बदलून देते. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत २०१२ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. आता सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं. आदेशाच्या रिकॉलसाठी सात वर्षांच्या आतल्या गाड्या धरल्या जातात. सुरक्षेच्या दोषाची तक्रार गाडीमालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते.

उदाहरण म्हणून सोलापुरात गल्लोगल्ली दिसणारी वॅगनआर घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीनं १ लिटर इंजिनच्या ४०,६१८ वॅगनआर बोलावल्या. इंधनाचा होज (नळी) धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. त्या गाड्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या. जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी वॅगनआर आणि पेट्रोल बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये फ्युएल पंपाच्या मोटरसाठी पुन्हा ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर. या शेवटच्या गाड्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मधल्या. तारखा नीट पाहिल्या तर ऑगस्ट २०१९ च्या सुरुवातीला बनलेली एकच वॅगनआर तिन्ही यादीत असू शकते. एक काम झालं म्हणून दुसरं झालंच असं धरून चालू नका. “रिकॉल झालाय हो” असं विकणारा म्हणाला, तर कोणता झाला ते विचारा.

इतरही आहेत. १ डिसेंबर २०१७ ते १६ मार्च २०१८ मधल्या नव्या स्विफ्ट आणि बलेनो ब्रेकच्या व्हॅक्यूम होजसाठी मे २०१८ मध्ये बोलावल्या होत्या. जुलै २०२३ मध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. होंडानं जून २०२० मध्ये २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या, त्यात अमेझ, जॅझ, ब्रिओ होत्या.

सगळ्यात गंभीर प्रकरण टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं. या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट असतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडतं. मग एअरबॅग उघडताना डबी फुटते आणि धातूचे तुकडे थेट चालकाच्या अंगावर येतात. जगभरात यात माणसं मेली आहेत. होंडानं जानेवारी २०१७ मध्ये भारतात २०१२ मध्ये बनलेल्या ४१,५८० गाड्या यासाठी बोलावल्या, त्यात जॅझ आणि सिटीही होत्या. आज त्या वयाची जॅझ किंवा सिटी स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल, तर हे तपासल्याशिवाय तिच्यात लेकरांना बसवू नका.

रिकॉल कसा तपासायचा, कोण पात्र

तपासणी होते ती चॅसी नंबरावरून. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर टाकला तर चॅसी नंबर अर्धवट झाकलेला दिसतो. त्यामुळे मूळ आरसी बघायला मागा आणि गाडीवर कोरलेला नंबर तिच्याशी ताडून पाहा. दोन्हींत एका अक्षराचा जरी फरक असला, तरी व्यवहार तिथंच थांबवा. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा. मला सेंटरला जाणं जास्त पटतं. तिथं रिकॉलबरोबर आधीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदीही दिसतात. तीन वर्षांपूर्वी ७२ हजार किलोमीटरची नोंद असलेली गाडी आज मीटरवर ५५ हजार दाखवत असेल, तर मीटर मागे फिरवलंय हे वेगळं सांगायला नको.

पात्रतेचं म्हणाल तर गाडीचा नंबर रिकॉलच्या यादीत असणं पुरेसं आहे. तुम्ही पहिले मालक की तिसरे, वॉरंटी संपली का, सर्व्हिसिंग बाहेर केलं का, याचा संबंध नसतो. भाग आणि मजुरी दोन्ही कंपनीकडे. जाताना आरसी आणि मालकाचा मोबाईल नंबर जवळ ठेवा. काम झाल्यावर जॉबकार्डची प्रत मागून घ्या आणि त्यावर रिकॉलचं काम म्हणून नोंद आहे ना ते पाहा. उद्या गाडी विकताना तोच पुरावा.

माझं मत स्पष्ट आहे : रिकॉल बाकी असेल तर विकणाऱ्यानं आधी तो करून द्यावा, मगच आपण त्याला इसार द्यावा.

रिकॉल नाही, पण हमखास निघणारी दुखणी

सोलापूरचा उन्हाळा चाळीसच्या खाली क्वचितच राहतो. त्यात रबर, होज आणि एसी यांचा कस लागतो. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आपल्याकडे जुनी. त्यानं आत क्षार साचतात आणि ऐन मे महिन्यात गाडी तापते. गाडी थंड असताना झाकण उघडून बघा. रंगीत कूलंटऐवजी गढूळ, तांबूस पाणी दिसलं तर खर्च समोर आहे. एसी दुपारी दोन वाजता तपासावा, सकाळी नाही.

खराब रस्त्यानं कंट्रोल आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बरचे माउंट जातात. स्पीडब्रेकरवर कटकट ऐकू येते. हे दर कमी करून घ्यायचं कारण आहे, व्यवहार मोडायचं नाही. ऑटो गिअरची छोटी गाडी असेल तर चढावर आणि गर्दीत चालवून बघा. झटके देत असेल तर क्लच किंवा ॲक्च्युएटरचं काम निघतं आणि ते महाग असतं. १.३ लिटर डिझेल असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावा. टायमिंग चेनचा खडखडाट तेव्हाच कळतो.

सीएनजीची गाडी असेल तर दोन कागद नक्की मागा. किटची नोंद आरसीवर आहे का, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली का. बाहेरून बसवलेलं, आरसीवर न चढवलेलं किट असेल तर अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो.

आरसी नावावर करणे

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरायचा. कारला हस्तांतरणाची शासकीय फी ३०० रुपये. बाकीचा बराचसा आकडा एजंटाचा असतो, तेवढं लक्षात ठेवून घासाघीस करा. अर्ज करताना ओटीपी येतो, म्हणून विकणाऱ्याचा चालू मोबाईल नंबर आरसीशी जोडलेला हवा. पुष्कळांचं काम इथंच अडतं. गाडी ताब्यात घेण्याआधी, विकणारा समोर बसलेला असतानाच हे उरकून घ्या.

कागद असे लागतात : फॉर्म २९ दोन प्रतीत, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, फोटो, आणि पेन्सिलनं उमटवलेला चॅसी नंबरचा ठसा. गाडीवर कर्ज होतं तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि बँकेनं सही केलेला फॉर्म ३५ लागतो. “हप्ते संपलेत” हे तोंडी ऐकून पैसे देऊ नका. मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. तिथं सगळे वारस एकमतानं सही करणार का ते आधी बघा.

थकलेली ई-चलनं भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर काम पुढे सरकत नाही. चोरीची गाडी नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवरून पाहता येतं.

मुदती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. “वर्षभर चालवतो, मग बघू” हे दोघांनाही परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिलाय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात फिरलेली असली तरी अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे सांगा, तो स्वतःच सही करायला येईल.

डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं आणि गाडी ताब्यात आल्याचं त्यानं ऑनलाइन कळवायचं असतं.

आपल्या जिल्ह्याला कर्नाटकची सीमा लागून असल्यानं विजयपूरची केए-२८ किंवा कलबुर्गीची केए-३२ पासिंगची गाडी स्वस्तात दाखवली जाते. तिला तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते. महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. तिकडचा टॅक्स परत मिळवायचा अर्ज ज्यानं भरला त्यानं वेगळा करायचा. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर लगेच समोर येतात. दर ठरवताना ते धरा.

विमा आणि शेवटचं काम

गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे येतो, पण कंपनीकडे १४ दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, म्हणून हप्त्यातला फरक तुम्हाला भरावा लागेल.

नवी आरसी हातात आली की तिची प्रत घेऊन पुन्हा एकदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. त्यांच्या नोंदीत जुन्या मालकाचं नाव काढून तुमचं नाव, सोलापूरचा पत्ता आणि मोबाईल नंबर टाकायला सांगा. आरटीओत नाव बदललं म्हणून तिथं ते आपोआप बदलेल असं समजू नका. भाच्याच्या गाडीवर आम्ही हे केलं तेव्हा दहा मिनिटं लागली.